गाडी न्यायला ना नाही, पण अशी नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. कळंबोलीहून स्टील भरून इंदूरला जायचंय. गाडी दहा चाकी, वय बारा वर्षं. सेल्फ लागला तर लागला. कसारा चढताना गरमीचा काटा लाल पट्टीत जातो. आणि अलीकडे गाडी तासभर उभी केली की ब्रेकची हवा उतरते. मालक म्हणतो, "एवढी ट्रिप मारून ये, आल्यावर बघू." नाही म्हटलं तर दुसरा ड्रायव्हर दारात उभा आहे, अंगावर उचल आहे आणि लायसन्स मालकाच्या ड्रॉवरमध्ये आहे. अशा वेळी नकार द्यावा का?

आधी उत्तर देतो. हवेची तक्रार दूर होईपर्यंत गाडी यार्डाबाहेर काढू नका. रेडिएटरची तक्रार असताना भरलेली गाडी कसाऱ्याला लावू नका. सेल्फसाठी मात्र नकार देऊ नका. कुरकुर करा, मालकाच्या मागे लागा, पण गाडी न्या.

आपले ड्रायव्हर या तिन्ही गोष्टी एकाच दमात सांगतात: "शेठ, या गाडीचा काही भरवसा नाही." मालक हे वाक्य रोज ऐकतो. त्याच्या कानाला ते हॉर्नसारखं झालेलं असतं. मी आधी ड्रायव्हर होतो, नंतर बरीच वर्षं एका ट्रान्सपोर्टच्या यार्डात गाड्यांची देखभाल बघितली, म्हणजे नकार दिलाही आणि ऐकलाही. ज्या नकारात चाकाचं आणि पार्टाचं नाव होतं, त्यावर काम झालं. "गाडी बेकार आहे" या नकारावर फक्त भांडण झालं.

हवेचं पहिलं बघू. सकाळी गाडी चालू करा, हवा पूर्ण भरू द्या. मीटरवर सात-आठ किलोला पोचल्यावर व्हॉल्व्ह फुस्स करून सोडतो, तिथपर्यंत. मग इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा (त्याआधी चाकाला लाकडं लावा), ब्रेकवर पाय दाबून धरा आणि दोनतीन मिनिटं काटा बघा. काटा दिसेल असा खाली येत असेल तर कुठेतरी गळती आहे. क्लिनरला खाली उतरवून प्रत्येक चाकापाशी कान लावायला सांगा. ब्रेक चेंबरचा (चाकापाशी हवेने ब्रेक दाबणारा डबा) डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटला असेल किंवा होज पाइप चिरला असेल तर आवाज येतो. आवाज येत नसेल तर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे जागा दाखवतात. हवेच्या टाक्यांचे कॉक उघडून पाणी काढा. पावसाळ्यात हे रोज करायचं काम आहे आणि रोज कोणी करत नाही. एवढं केलंत की तुमच्या हातात तक्रार नसते, निदान असतं: "मागच्या डाव्या चाकाचा डायफ्रॅम गेलाय." या वाक्यावर मालकाला एकतर मिस्त्री बोलवावा लागतो, नाहीतर "तसाच घेऊन जा" असं तोंडाने म्हणावं लागतं. ते म्हणायला बरेच मालक कचरतात.

एका जुगाडाबद्दल सावध राहा. मागच्या चाकांना स्प्रिंग ब्रेक असतो. हवा गेली की स्प्रिंग सुटून चाक जाम होतं, म्हणजे गाडी बनवणाऱ्यानेच ठेवलेला तो शेवटचा रखवालदार. रस्त्यात हवा गेली आणि गाडी हलेना, की मिस्त्री चेंबरच्या मागचा बोल्ट आवळून ती स्प्रिंग दाबून टाकतो, किंवा गळक्या चाकाच्या लाइनला डमी मारतो, म्हणजे ती लाइनच बंद करतो. गाडी हलते आणि सगळे खूश होतात. रस्त्यातून बाजूला घेण्यापुरतं हे ठीक आहे. पण अशा गाड्या त्याच अवस्थेत महिनाभर चाललेल्या मी बघितल्या आहेत. एका चाकाला ब्रेकच नाही आणि ड्रायव्हर बदललाय, नव्याला कोणी सांगितलेलंच नाही. गाडी ताब्यात घेताना मागच्या चेंबरचे बोल्ट बघून घ्यायची सवय ठेवा.

आता "ब्रेक फेल". पेपरात रोज वाचतो तो हा शब्द, पण पाइप तुटून एका झटक्यात ब्रेक जाणं त्यामानाने कमी. जास्त वेळा ब्रेक तापून मरतात. लोणावळा-खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना उंची साधारण ५०० मीटरने कमी होते. तीन ॲक्सलच्या, म्हणजे तुमच्यासारख्या दहा चाकी गाडीला कायद्याने एकूण २८.५ टन वजन चालतं. एवढं वजन तेवढं खाली उतरवताना जी ऊर्जा निघते ती सगळी ब्रेकवर आली, तर सुमारे ४०० लिटर पाणी उकळायला लावेल इतकी उष्णता ड्रममध्ये जाते. ब्रेकचा लायनर झिजलेला, स्लॅक ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर राखणारा पार्ट) ढिला, वर दहा टन जादा माल, आणि डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल. मग पाय ब्रेकवर असतो, हवा असते, आणि गाडी थांबत नाही. घाबरून पाय मारत राहिलं की हवाही संपत जाते. इंजिन बंद करून उतरवणाऱ्यांचा कंप्रेसरही बंद आणि पॉवर स्टेअरिंगही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार यासाठीच बदनाम आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड गाडीने तिथे डझनावारी गाड्या चेपल्या आणि पोलिसांनी उतारावर इंजिन बंद असल्याचंच कारण दिलं. तुमच्या स्वतःच्या रस्त्यावरचं उदाहरण म्हणजे पळासनेर. ४ जुलै २०२३ ला मुंबई-आग्रा महामार्गावर मध्य प्रदेशाकडून उतरणारा कंटेनर ब्रेक निकामी होऊन रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. इंदूरहून भरून परत येताना तुम्ही तोच उतार उतरणार आहात.

यातलं न्यूट्रलचं आपल्याच अंगावर येतं, हे मान्य करा. वाचलेलं डिझेल ड्रायव्हरच्या खिशात जातं अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे, म्हणून गाडी न्यूट्रल सुटते आणि लायनर जळतो. मग तुम्ही नकार द्यायला गेलात की मालक म्हणतो, "लायनर तूच जाळलेस." ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरणारा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा) वापरणारा ड्रायव्हर असेल तर त्याच्या नकाराला वजन असतं. वाईट भाडं किंवा सणाची सुट्टी बघून गाडीत खोट काढणारेही आहेत, आणि त्यांची किंमत उरलेल्या सगळ्यांना मोजावी लागते.

रेडिएटर आणि सेल्फ. गाडी सपाटीला गरम होत नसेल आणि फक्त घाटात होत असेल, तर रिकामी गाडी दिवसा गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही. भरलेली घाटात नाही. कसाऱ्याच्या मधल्या वळणावर इंजिन बसलं तर मागे लागलेल्या रांगेचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. क्लच घसरत असेल तर त्याहून वाईट, गाडी मागे सरकते. सेल्फचा त्रास खरा आहे, पण तो तुमच्या झोपेचा आणि वेळेचा. तरी त्यातूनही धोका तयार होतो. सेल्फ लागणार नाही या भीतीने ड्रायव्हर ढाब्यावर गाडी उतारावर लावतो किंवा इंजिन चालू ठेवून खाली झोपतो. अल्टरनेटर गेलेली गाडी दिवसा नुसती कटकटीची असते, आणि संध्याकाळी सातनंतर तीच मागचे दिवे नसलेली गाडी होते. म्हणून "ही गाडी चालवू का" असं विचारू नका. कुठल्या रस्त्याला, किती भरून, कधी, हे त्यात घातल्याशिवाय प्रश्न पूर्ण होत नाही.

बंद पडून उभी राहिलेली गाडीही माणसं मारते. एक्सप्रेसवेवर किंवा समृद्धीवर रात्री उभ्या ट्रकला मागून कार घुसल्याच्या बातम्या तुम्ही वाचता. सतत बंद पडणारी गाडी फास्ट रस्त्याला नेणं हे म्हणूनच नुसतं "भरवशाचं" प्रकरण राहत नाही. रिफ्लेक्टर त्रिकोण आहे का, मागची परावर्तक पट्टी दिसते का, हे निघतानाच बघा. आणि दगड-फांद्या लावायच्याच झाल्या तर निघताना उचला. निम्मे लोक उचलत नाहीत, आणि तो दगड मागच्या मोटारसायकलवाल्यासाठी राहतो.

कायद्याचं आता. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १९० असं सांगतं: गाडीत असा दोष आहे की ज्यामुळे रस्त्यावरच्या लोकांना धोका आहे, आणि तो दोष तुम्हाला माहीत होता किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, तर ती चालवणाराही गुन्हेगार आणि चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १,५०० रुपयांपर्यंत. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणाला इजा किंवा नुकसान झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० दंड किंवा दोन्ही. माणूस गेला तर वेगळं: भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत. जानेवारी २०२४ च्या ड्रायव्हरांच्या संपात ज्या दहा वर्षांच्या तरतुदीवरून पंपांवर रांगा लागल्या, ती अपघात करून न कळवता पळून जाण्याबद्दलची होती आणि तिची अंमलबजावणी थांबवून ठेवलेली आहे. पाच वर्षांची मात्र लागू आहे.

फिटनेस सर्टिफिकेट आहे ना, मग कशाला काळजी, असं मालक म्हणेल. आठ वर्षांवरच्या गाडीचं पासिंग दरवर्षी होतं. त्या दिवशी गाडी कशी होती ते त्या कागदात लिहिलेलं असतं. पासिंगपुरते चांगले टायर चढवून परत आल्यावर काढणारे यार्ड तुम्हीही बघितले असतील. "ब्रेक अचानक गेले, आमचा दोष नाही" हेही सहज चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच, मिनू मेहता खटल्यात, सांगून ठेवलंय की यांत्रिक दोषावर बोट ठेवायचं असेल तर पूर्ण काळजी घेऊनही तो दोष लपून राहिला हे मालकाने सिद्ध करायचं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सल्ला देणारे ती सांगत नाहीत. सगळे म्हणतात, मालकाला व्हॉट्सॲपवर लिहून टाक म्हणजे तू सुटलास. उलट आहे. तुम्ही लिहिलंत की "ब्रेक कमी लागतोय" आणि त्यानंतर गाडी नेलीत, तर दोष तुम्हाला माहीत होता याचा पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने तयार केलात. मालक त्यात अडकेल हे खरं, पण स्टेअरिंगवर तुम्ही होता. लिहायचं असेल तर लिहून थांबायचं. न लिहिता नेणं हाही उपाय नव्हे, कारण "साधी काळजी घेतली असती तर कळला असता" हे शब्द तिथे आहेतच.

नोकरीचं काय? गुन्हा करायला लावणारा हुकूम कायदेशीर नसतो, त्यामुळे तो न पाळणं म्हणजे बेशिस्त ठरत नाही. कामगार न्यायालयात हा मुद्दा टिकण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत (ती २०२० ची) कलम १४ आहे: जीवाला तातडीचा धोका वाटला तर कामगार मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाला कळवू शकतो, आणि मालकाला पटलं नाही तरी त्याला ते प्रकरण निरीक्षकाकडे पाठवावंच लागतं. पण ही संहिता साधारण दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांसाठी. आपल्याकडे बहुतेक मालक दोन-चार गाड्यांचे. तिथे कायदा पोचेपर्यंत तुम्ही दुसरी गाडी धरलेली असते. अमेरिकेत १९८२ पासून धोक्याची गाडी चालवायला नकार देणाऱ्या ड्रायव्हरला कामावरून काढता येत नाही असा कायदा आहे. तरी तिथेही जानेवारी २००९ च्या थंडीत, ट्रेलरचे ब्रेक गोठलेले आणि केबिनचा हीटर बंद असताना, ट्रेलर सोडून निघून गेलेल्या एका ड्रायव्हरला कंपनीने काढलं, आणि अपील न्यायालयाने २०१६ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. सात वर्षं. म्हणून मी कोर्टाच्या भरवशावर नकार द्या असं सांगत नाही. नकार असा द्या की कोर्टाची वेळच येणार नाही.

नकार गाडी भरण्याआधी द्या. गाडी रिकामी असताना नकार दिला तर मालकाचं अर्ध्या दिवसाचं काम अडतं. माल चढला, बिल्टी (मालाची पावती) फाटली, मग पार्टीचा, म्हणजे मालवाल्याचा, फोन सुरू होतो आणि मालकही ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. आणि नकार आहे असं वाटूच देऊ नका. "शेठ, गाडी न्यायला माझी ना नाही. मागच्या डाव्या चाकाचा डायफ्रॅम फाटलाय, दोन तासांचं काम आहे, मी मिस्त्रीजवळ थांबतो, दुपारी निघतो." चारचौघांत बोलू नका, क्लिनर आणि हमालांसमोर बोललात की त्याला नाक राखायचं असतं. गळतीचा आवाज ऐकू येईल असा छोटा व्हिडिओ काढून पाठवा. मालकालाही हप्ता आहे, हे लक्षात ठेवून बोला. क्रेन, अडकलेला माल आणि पार्टीने कापलेलं भाडं यांचा हिशेब त्याला तुमच्यापेक्षा चांगला येतो, फक्त कोणीतरी त्या दिशेने बोलायला हवं.

"ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा कागद) संपेल" हे कारण पुढे आलं तर सांगा, त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, आणि गाडी बंद पडली तर मुदत वाढवता येते, गाडीचा नंबरही बदलता येतो. "दुसरा ड्रायव्हर नेईल" म्हणाला तर त्या दुसऱ्याला स्वतः जाऊन सांगा, कुठलं चाक, काय झालंय. त्याने ऐकलं नाही तर तो त्याचा निर्णय, पण माहीत नव्हतं असं त्याला म्हणता येऊ नये. ओव्हरलोडला मात्र चर्चाच नको. वीस हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि तो दंड कोणाच्या पगारातून कापला जातो ते तुम्हाला ठाऊक आहे.

वाटेत दोष निघाला तर घाट सुरू होण्याआधी थांबा, मधे नाही. लोकेशन पाठवा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करा. स्थानिक मिस्त्रीकडून काम केलंत तर बिल आणि काढलेला पार्ट दोन्ही घेऊन या. काढलेला फाटका डायफ्रॅम मालकाच्या टेबलावर ठेवला की पुढच्या वेळी तुमचा शब्द पुरतो.

इतकं करूनही तो "आहे तशी ने" म्हणत असेल, तर दुसरी गाडी शोधा. उचल हे कर्ज आहे, ते हप्त्याने फेडायचं ठरवा आणि ते कागदावर घ्या. उचल फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही अशी अट घालणं हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याचा विषय होऊ शकतो, आणि हे वाक्य मालकाला एकदा शांतपणे ऐकवलं तरी बऱ्याचदा काम होतं. लायसन्स ठेवून घ्यायचा त्याला काही हक्क नाही. मागून घ्या. देत नसेल तर पोलिसांत जाईन म्हणा, आणि जा. तोवर डिजीलॉकरमधलं लायसन्स रस्त्यात चालतं. पुढच्या मालकाला झेरॉक्स द्या, मूळ नाही. आणि त्याच्याकडे लागण्याआधी त्याच्या गाडीखाली एकदा स्वतः वाकून बघा. जो मालक ते बघू देत नाही त्याच्याकडे पगार जास्त असला तरी जाऊ नका.